जातिवंतांची वही



पूडल जातीच्या कुत्र्यांवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहिलेला पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ते साहजिक आहे. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही मिळाले ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. कुत्रे आम्ही जन्मात पाळले नाही. तरी गेली दोन वर्षे आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो आहोत. त्याला जे कारण घडले ते आधी सांगतो.

आमच्या संघटनेत घरकाम करणाऱ्या बायकाही सभासद आहेत. त्यांतल्या एक बाई एका बंगल्यावर धुणीभांडी करीत आणि शिवाय तिथला लहान पूडल सांभाळीत. कुत्रा चार वर्षांचा, रंगाने जर्दाळूसारखा, मांजराहून फारसा मोठा नाही. एका संध्याकाळी तो जिन्यावरून गडगडला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. मालकांनी बाईंवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना काढले आणि महिन्याचा पगार औषधपाण्यापोटी कापून घेतला. बाई आमच्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. "भाऊ, दोन महिने सांगतेय मी त्यांना, दिवेलागण झाली की ह्याला दिसत नाही. दिवसा बघावं तर चेंडू झेलतोय. कोणी ऐकलंच नाही माझं."

दिवसा दिसते आणि रात्री दिसत नाही हे ऐकून मालक म्हणाले, बाई सबब सांगते आहे. खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण सभासदाचे म्हणणे तपासल्यावाचून खोटे ठरवायचे नाही, हा संघटनेतला पहिला धडा. मालक मनाने वाईट नव्हते. आमच्या आग्रहावरून त्यांनी कुत्र्याला जनावरांच्या नेत्रतज्ज्ञाकडे नेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा पाहिला आणि सांगितले की हा दोष आईबापांकडून आलेला आहे. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग दिवसाचे. आपल्याकडे रातांधळेपणा म्हटला की गाजरे आणि पालेभाजी आठवते. मालकांनी तेही विचारले. ह्या रातांधळेपणाला गाजर चालत नाही.

मालकांना आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. कुत्रा भारी किंमत देऊन घेतलेला, त्याचे कागदपत्र चोख. त्यांनी वंशावळीचा कागद आमच्यापुढे ठेवला: तीन पिढ्यांची नावे, शिक्का, सही. आता आम्हाला कुत्र्यांतले काही कळत नसले तरी हजेरीपट वाचता येतो. आमचे निम्मे आयुष्य ठेकेदारांचे हजेरीपट वाचण्यात गेले. एकच नाव पटावर दोन ठिकाणी दिसले की तिथे बोट ठेवायचे, ही जुनी सवय. ह्या कागदावर एकच नाव दोन ठिकाणी होते. बापाचा बाप आणि आईचा बाप, दोन्ही एकच कुत्रा! आम्ही बोट ठेवले. मालक म्हणाले, "अहो, तो चँपियन होता. म्हणून तर एवढी किंमत."

हजेरीपटावर जी लबाडी ठरते ती ह्या कागदावर मोठेपणा कशी ठरली? ही वही कोणी सुरू केली, केव्हा आणि कशासाठी? आजचे व्याख्यान त्या वहीविषयी आहे.

पूडल हा मुळात पाण्यातला मजूर. बहुतेक जाणकार त्याचे मूळ जर्मनीकडे नेतात, आणि जर्मन भाषेतल्या त्याच्या नावातच पाण्यात डुबकण्याचा अर्थ आहे. शिकाऱ्याने पाडलेले बदक तळ्यातून तोंडात धरून आणावयाचे, हे त्याचे काम. आज आपण त्याची ती चमत्कारिक हजामत पाहून हसतो. कमरेखाली तुळतुळीत आणि छातीवर, सांध्यांवर केसांचे गोंडे. त्यामागे मूळ हिशेब असा की पोहताना अंग हलके राहावे, पण छातीला आणि सांध्यांना गारठा लागू नये. पुढे काम सुटले आणि गणवेश तेवढा राहिला. असे माणसांतही होते.

इंग्लंडच्या यादवी युद्धात राजपक्षाच्या प्रिन्स रूपर्टपाशी असाच एक पांढरा कुत्रा होता. त्याचे नाव बॉय. तो चेटकी आहे अशी पत्रके निघाली होती, आणि १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. शोपेनहौअर ह्या जर्मन तत्त्ववेत्त्याने फ्रँकफर्टमध्ये एकामागून एक पूडल पाळले आणि त्यांना नाव दिले 'आत्मा'. उपनिषदे वाचून भारावलेला तो गृहस्थ. एक कुत्रा मेला तरी आत्मा मरत नाही, ही सोय त्याला त्या नावात दिसली असावी. सर्कशीतही पूडल फार नावाजलेला, कारण शिकवलेले तो चटकन उचलतो. सांगण्याचा मुद्दा असा की ह्या सगळ्या काळात पूडल म्हणजे पूडलासारखा दिसणारा आणि पूडलाची कामे करणारा कुत्रा. त्याचा आजा कोण, हे कोणी कागदावर विचारीत नसे.

आजा विचारण्याची पद्धत पडली ती प्रदर्शनांमुळे. १८५९ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. दोनच प्रकारचे शिकारी कुत्रे होते, आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. मग प्रदर्शनांचे पेव फुटले. बक्षीस आले की भांडण आले. एकाच नावाचे चार चार कुत्रे, कोणी कोणाचा बाप सांगावा ह्याला धरबंध नाही. तेव्हा शर्ली नावाच्या पार्लमेंटच्या एका सभासदाने १८७३ साली लंडनमध्ये काही सद्गृहस्थ जमवून केनेल क्लब काढला, आणि १८७४ साली त्या क्लबाने पहिली वंशनोंदवही छापली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती ह्याच्या पुढल्याच वर्षी, १८७५ साली. एकीकडे विचार खुले करण्याची खटपट चालली होती आणि दुसरीकडे रक्त बंद करण्याची. १८७६ साली इंग्लंडात पूडल क्लब निघाला. १८८४ साली अमेरिकेचा केनेल क्लब झाला.

वही ठेवणे वाईट नव्हे. आम्ही तर वहीचेच भक्त. नोंद नसेल तर गरिबाला न्याय नाही. फसवणूक थांबावी हाच पहिल्या वहीचा हेतू होता. पण हळूहळू नियम असा झाला की ज्याचे आईबाप दोन्ही वहीत असतील तोच वहीत येईल. म्हणजे दार बाहेरून बंद झाले. सुरुवातीला जेवढे कुत्रे आत होते, तेवढ्यांच्याच रक्तावर पुढच्या सगळ्या पिढ्या चालावयाच्या. त्यातून काही बाहेर जाऊ शकते, आत काही येऊ शकत नाही. यॉर्कशरच्या गिरण्यांतल्या विणकरांनी त्याच शतकात आपला छोटा टेरियर तयार केला तो नाना कुत्र्यांच्या मिश्रणातून, गिरणीतले उंदीर मारायला. त्यालाही पुढे वहीत घेतले आणि रेशमी फीत बांधून उशीवर बसवले. विणकर मागे राहिले.

आता काळाचा खेळ पाहा. आनुवंशिकतेचे नियम मेंडेल नावाच्या एका मठवासी साधूने वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ सालीच छापले होते. वही त्यानंतर आठ वर्षांनी आली. पण मेंडेलचा निबंध कोणी नीट वाचलाच नाही. तो उजेडात आला १९०० साली. दार बंद करणाऱ्यांना आत काय कोंडले जाते आहे, हे ठाऊक नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

काय कोंडले गेले ते आमच्या धंद्यातल्या दाखल्याने सांगतो. करारपत्राच्या दोन प्रती असतात, एक कंपनीकडे, एक संघटनेकडे. एक प्रत भिजून गेली तरी दुसरीवरून काम भागते आणि कोणाला कळतही नाही. शरीरातल्या बहुतेक सूचना अशाच दोन प्रतींत असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पुष्कळ रोग असे आहेत की एक प्रत बिघडली तरी काही होत नाही. दोन्ही बिघडल्या की रोग होतो. प्रत्येक जिवाच्या अंगात अशा काही बिघडलेल्या प्रती असतातच, चँपियनच्याही. बापाच्या आणि आईच्या दोन्ही अंगांनी एकाच चँपियनचे रक्त आले, तर त्याची तीच भिजलेली प्रत दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याचा संभव वाढतो.

किती वाढतो, हेही मोजता येते. सूअल राइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली त्याची रीत सांगितली. आम्ही ती कागद-पेन्सिल घेऊन शिकलो. बापाचा बाप आणि आईचा बाप एकच असेल तर आकडा येतो शेकडा साडेबारा. आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलाचा आकडा सव्वासहा. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ समाजांत आहे, आणि खुद्द डार्विनची बायको त्याची मामेबहीणच होती. पुढे त्याला मुलांच्या प्रकृतीवरून ह्या गोष्टीची काळजी वाटत राहिली. बंगल्यावरचा तो छोटा कुत्रा ह्या मापाने मामेबहिणीच्या लग्नाच्या दुप्पट होता. तोही तीनच पिढ्यांच्या कागदावर. मागच्या पिढ्यांत आणखी किती गाठी असतील, ते कागद सांगत नव्हता.

१९३५ साली न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला एक पांढरा मोठा पूडल सर्वोत्तम ठरला, आणि अमेरिकेला पूडलाचे वेड लागले. १९६० पासून १९८२ पर्यंत अमेरिकेच्या नोंदणीत पूडलच पहिल्या क्रमांकावर होता. इतकी मागणी आली की पुरवठा करणारेही येतात. तिकडे पिले काढण्याच्या अशा जागांना 'पपी मिल' म्हणतात, म्हणजे पिलांची गिरणी. हा शब्द वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. गिरणी म्हणजे काय, हे आमच्या वडिलांनी आम्हाला दाखवले होते.

पण नुसत्या लोभी गिरणीवाल्यांवर सारे ढकलून मोकळे होता येत नाही. मोठ्या पूडलाची कथा उलट आहे. तिथे नुकसान झाले ते उत्तम, प्रेमळ, जाणत्या पैदासकारांकडून. विसाव्या शतकाच्या मध्याला काही थोड्या कुत्र्यांचा डौल सर्वांना इतका आवडला की जो तो त्यांचेच रक्त आणू लागला. पुढे त्यांच्या वंशात दोन रोग वाढले. एकात कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी नासतात आणि पूडलाचा तो प्रसिद्ध केशसंभार झडून जातो. दुसरा ॲडिसनचा रोग. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले काम सोडतात, कुत्रा मलूल होतो आणि वेळीच ओळखले नाही तर अचानक कोसळतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांना हाच रोग होता. दोन्हींत शरीर आपल्याच ग्रंथींवर उलटते. ह्या रोगांना एकच भिजलेली प्रत कारण आहे, असेही नाही. ती पुष्कळ शोधली, सापडली नाही. अखेर कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी ७६१ कुत्रे तपासून २०१५ साली निष्कर्ष छापला. शंभरांतल्या सत्तर मोठ्या पूडलांत मिळून त्या जातीतले तीस टक्केच वैविध्य उरले होते, आणि रोगी कुत्रे मुख्यतः त्या सत्तरांतले होते. चँपियन निवडता निवडता जात अरुंद झाली होती.

आता डोळ्यांकडे येऊ. कुत्र्यांतला हा पडद्याचा रोग स्वीडनमध्ये १९११ सालीच एका निराळ्या जातीत वर्णिला गेला होता. १९४० च्या दशकात इंग्लंडातल्या आयरिश सेटर कुत्र्यांत रातांधळेपणा पसरला, तेव्हा पैदासकारांनी स्वतः होऊन कडक उपाय योजला. संशयित कुत्र्याचा जोडा आंधळ्या कुत्र्याशी लावायचा आणि पिले आंधळी होतात का, ते पाहायचे. सेटरात रोग पिलेपणीच दिसतो म्हणून हे जमले. छोट्या पूडलात तो तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या वर्षी उघड होतो, तोवर कुत्र्याला पिले होऊन ती विकलीही गेलेली असतात. बंगल्याच्या मालकांनी विक्रेत्याला पत्र लिहिले तेव्हा उत्तर आले की पिलाच्या आईबापांची नजर उत्तम आहे. ते खोटे नव्हते! दोघांपाशी एकेक चांगली प्रत होती.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आग्विरे नावाच्या पशुवैद्याने १९७० च्या दशकापासून छोट्या पूडलांच्या ह्या आंधळेपणाचा पिच्छा पुरवला. पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात, अंधुक उजेडात पाहणाऱ्या आणि लख्ख उजेडात पाहणाऱ्या. ह्या रोगात पहिल्या आधी मरतात आणि दुसऱ्या मागाहून. दिवसा चेंडू झेलणारा कुत्रा दिवेलागणीला जिना का चुकतो, ते इतके सरळ आहे. आमच्या बाईंनी सूक्ष्मदर्शक न लावता ते ओळखले होते. मधल्या काळात २००३ साली, ज्याची आनुवंशिक लिपी प्रथम बऱ्याच अंशी वाचली गेली, तो कुत्राही पूडलच निघाला. क्रेग व्हेंटर ह्या शास्त्रज्ञाचा, नाव शॅडो. आणि २००६ साली आग्विरे आणि त्याच्या सहकाऱ्यांना ती भिजलेली प्रत सापडली. चौपन्न कड्यांच्या एका लहानशा साखळीतली दुसरी कडी बदललेली. एका अक्षराची चूक.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी आम्ही तो निबंध शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. नेमकी तीच चूक, तेच अक्षर, एका माणसाच्या डोळ्यांतही सापडले. बांगलादेशातला एक रुग्ण, दोन्ही प्रती बिघडलेल्या, तसाच पडद्याचा आंधळेपणा. न्यूयॉर्कच्या मखमली उशीवरचा पूडल आणि बंगालमधला एक रुग्ण एकाच अक्षरापाशी अडलेले!

ही चूक एकट्या पूडलांत नाही. लॅब्रॅडोर, कॉकर अशा कितीतरी जातींत तीच आढळते. त्यावरून ती वह्यांहून जुनी आहे हे उघड दिसते. वहीने तिला जन्म दिला नाही. वहीने तिला परत परत भेटण्याची सोय करून दिली. आणि म्हणून नुसती मिसळण करून भागत नाही. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाअखेर वॉली कॉनरन ह्यांनी एका आंधळ्या बाईसाठी लॅब्रॅडोर आणि पूडल ह्यांचा संकर केला. बाईंच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. त्या संकराची जगभर फॅशन झाली, वाटेल त्याने वाटेल ते कुत्रे जुळवून विकले, आणि पुढे कॉनरन ह्यांनी त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. दोन्ही जातींत एकच चूक असेल तर संकरही आंधळा होऊ शकतो. आंधळ्यासाठी निघालेल्या कुत्र्याच्या वाट्याला हे यावे!

२००६ नंतर मात्र चित्र पालटले. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून तपासणी होते. एक प्रत बिघडलेला कुत्राही बाद करायचे कारण नाही. त्याचा जोडा दोन्ही प्रती शाबूत असलेल्याशी लावला की पिलू आंधळे होत नाही. घाबरून सगळेच वाहक काढून टाकले तर जात आणखी अरुंद होईल आणि दुसराच रोग वर येईल. उपाय स्वस्त आहे, सोपा आहे. अडते ते सांगण्यापाशी. आपल्या चँपियनात दोष आहे हे कबूल केले की त्याची किंमत जाते, शेजारच्या पैदासकाराची भुवई वर जाते. आमचे वडील फाटकावरच्या डॉक्टरपुढे श्वास रोखून धरीत, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून. खोकला लपला, फुप्फुस लपले नाही. तेव्हा लपवणाऱ्यावर रागावणे आम्हाला जमत नाही. लपवणे भाग पाडणारी रीत कोणती, ते आम्ही पाहतो.

रीत बदलता येते ह्याचा दाखला डाल्मेशियन ह्या ठिपकेवाल्या जातीत आहे. त्यांच्या मूत्रात एक आम्ल इतके साठते की खडे होतात, आणि वहीतल्या एकाही कुत्र्यापाशी चांगली प्रत उरली नव्हती. आत कितीही निवड केली तरी जे नाहीच ते येणार कोठून? १९७३ साली शायबल नावाच्या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने एकदाच, फक्त एकदाच, एका पॉइंटर कुत्र्याशी संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढी डाल्मेशियनशीच जुळवत नेली. काही पिढ्यांत ठिपके तेच, चाल तीच, आणि खडे नाहीत. १९८१ साली अमेरिकन क्लबाने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. जातीच्या अभिमान्यांनी ओरड केली आणि नोंद थांबली. ती पुन्हा उघडली २०११ साली. तीस वर्षे! औषध हातात असून तीस वर्षे. मधल्या काळात, २००८ साली, बीबीसीने ह्या साऱ्या प्रकारावर चित्रपट दाखवला, इंग्लंडभर गहजब झाला, आणि २००९ पासून तिथल्या क्लबाने आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्ख्या भावंडांच्या जोडीची पिले नोंदवणे बंद केले. तोवर ती रीतसर नोंदली जात होती.

मालकांनी बाईंचा कापलेला पगार परत केला आणि त्यांना पुन्हा कामावर बोलावले. बाई लगेच गेल्या नाहीत. आठ दिवस घरी बसल्या आणि त्या आठ दिवसांचाही पगार घेतला. कुत्रा आता सहा वर्षांचा आहे, दिवसाही चाचपडतो. जिन्याच्या तोंडाशी फळी बसवली आहे. संध्याकाळी बाई पुढे चालत जिभेने टकटक आवाज करतात आणि तो त्या आवाजामागून अंगणाची फेरी पुरी करतो.

गेल्या महिन्यात मालकांनी तो वंशावळीचा कागद पुन्हा काढला. त्यावर चँपियनच्या नावापुढे बक्षिसे लिहायला जागा होती. रोगाचा रकानाच नव्हता. त्यांनी समासात, आमच्यासमोर, शाईच्या पेनने नातवाच्या आंधळेपणाची नोंद केली, खाली तारीख घातली, आणि एक प्रत विक्रेत्याला पोस्टाने पाठवली. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.